'तिथे काही नाही' असे म्हणताना

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय सुरू झाले की प्राध्यापक-कक्षात पहिले दोन-तीन दिवस एकच प्रश्न फिरत असतो : "मग, कुठे जाऊन आलात?" या प्रश्नाची उत्तरेही आता जवळपास ठरलेली आहेत. कुणी केरळला गेलेला असतो, कुणी हिमाचलला, कुणी मुलांच्या हट्टाखातर ताडोब्याला. ताडोब्याहून आलेल्याला लगेच दुसरा प्रश्न विचारला जातो : "वाघ दिसला का?" दिसला असेल तर छायाचित्रे एका हातातून दुसऱ्या हातात जातात, नसेल तर विचारणारा सहानुभूतीने मान हलवतो आणि विषय परीक्षेच्या पर्यवेक्षणाकडे वळतो. अशाच एका दिवशी मी सहज म्हटले, "आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तीन अभयारण्ये आहेत. त्यांतल्या किती ठिकाणी आपण गेलो आहोत?" एकाने लोणारचे नाव घेतले, तेही पाहुण्यांना सरोवर दाखवायला गेलो होतो म्हणून. ज्ञानगंगेचे नाव निघताच दुसऱ्याने चहाचा कप खाली ठेवत शांतपणे सांगितले, "अहो, तिथे काही नाही."

हे वाक्य मी त्याआधीही ऐकले होते, आणि तेही बुलढाण्यापासून फार दूर, जैसलमेरला. काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ सहकारी सहकुटुंब राजस्थानला गेलो होतो. किल्ला, हवेल्या, संध्याकाळी सम येथील वाळूच्या टेकड्यांवर उंटाची सैर, रात्री लोकनृत्य आणि दालबाटी असा बेत होता. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले, १९८० मध्ये जाहीर झालेले, ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरु राष्ट्रीय उद्यान तिथे आहे, हे मी वाचले होते. एक सकाळ त्यासाठी ठेवावी असे मी सुचवले तेव्हा आमचा गाडीवान हसून म्हणाला, "साहब, वहाँ कुछ नहीं है." बहुमत त्याच्या बाजूने होते. शेवटी तिघेच गेलो.

खरे सांगायचे तर पहिला तासभर मलाही गाडीवानाचेच म्हणणे पटत होते. वाळवंट म्हणजे वाळूच्या लाटा हे चित्र मनात घेऊन गेलेल्या माणसाला तिथला दगडी माळ, विरळ झुडुपे आणि सेवण गवताचे पिवळट झुबके पाहून आपली फसवणूक झाली असे वाटते. माळढोक दिसला नाही. चिंकारा दिसले, पण इतके दूर की ते मातीच्याच रंगाचे वाटावेत. परतताना माझ्या मनात एक अवघड प्रश्न उभा राहिला. मला माळढोक पाहायचा होता, म्हणजे नेमके काय पाहायचे होते? पक्षी, की 'पाहिला' असे सांगण्याची सोय? ताडोब्याहून आलेल्या माझ्या सहकाऱ्यात आणि माझ्यात मग फरक तो काय उरला?

प्रस्तुत लेखात मला जे म्हणायचे आहे ते या प्रश्नातूनच निघाले आहे. कोरड्या मुलखातील रानाबद्दल आपण 'तिथे काही नाही' असे म्हणतो तेव्हा ते आपल्याला केवळ आपले मत वाटते. प्रत्यक्षात तो एक निकाल असतो, आणि त्या निकालाची अंमलबजावणीही होते. जिथे 'काही नाही' अशी सर्वांची खात्री पटलेली असते, तिथे काहीही करायला मोकळीक मिळते.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण माळढोकाचेच आहे. हा पक्षी केवळ राजस्थानचा नव्हे. सोलापूर-नगरच्या माळांवर तो पिढ्यानपिढ्या वावरत होता. नान्नजच्या माळावरील माळढोकाकडे अभ्यासकांचे लक्ष १९७०च्या दशकात वेधले ते सोलापुरातील एका शिक्षकाने, हे आम्हा अध्यापकांनी विसरू नये. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आल्यामुळे शेतकऱ्याला हा पक्षी वैरी वाटू लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर खऱ्या अर्थाने माळ म्हणावा असा माळ फार थोडा उरला होता. कुठे नांगर फिरला, कुठे उसाला पाणी आले, कुठे 'उजाड जागा हिरवी करण्यासाठी' झाडे लावली गेली. उघड्यावर अंडी घालणाऱ्या, दूरवर नजर टाकून धोका ओळखणाऱ्या पक्ष्याला झाडांची गर्दी ही कृपा नसते, हे लक्षात येईपर्यंत उशीर झाला. आज जगात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते आणि त्यांतले बहुतेक थरच्या वाळवंटात आहेत. तिथे ते उच्चदाब वीजवाहिन्यांना धडकून मरतात. त्या वाहिन्यांचा प्रश्न २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सूर्यप्रकाशापासून वीज करण्यासाठी वाळवंटच का निवडले जाते? कारण ऊन भरपूर आहे, हे खरेच. पण 'तिथे काही नाही' हेही त्यामागचे एक न बोललेले कारण आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बुलढाणा हे वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलीमीटर पाऊसही पडत नाही. आपल्याकडे सातशे-आठशेच्या आसपास पडतो. पण उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्णेचे खोरे अशी या जिल्ह्याची जी घडण आहे, तिच्यात पाण्याची एक वेगळीच शोकांतिका दडलेली आहे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही आणि पिकालाही मानवत नाही. या खाऱ्या पट्ट्याच्या एका बाजूला, संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत, १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दुसऱ्या बाजूला, बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान, अजिंठ्याच्या उतारांवर २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा आहे. ही दोन्ही १९९७ मधली. तिसरे लोणार, २००० साली जाहीर झालेले, जेमतेम पावणेचार चौरस किलोमीटरचे.

ज्ञानगंगेचे नाव महाराष्ट्रभर झाले ते एका वाघामुळे. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. वन्यजीव अभ्यासकांनी त्याला 'टी१-सी१' असा क्रमांक दिला होता. पुढे तो 'वॉकर' या नावाने ओळखला जाऊ लागला. जून २०१९ मध्ये तो टिपेश्वरहून निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील अनेक जिल्हे तुडवत वर्षअखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. नऊ महिन्यांत त्याने ३,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापल्याची नोंद झाली. कपाशीची शेते, नाले, कालवे, महामार्ग यांतून तो बहुतांश रात्रीच चालला. एवढ्या प्रवासात माणसाला इजा झाल्याची घटना एकच, हिंगोली जिल्ह्यात, आणि तीही तो विसावला होता त्या झुडपात माणसे शिरल्यामुळे.

ती बातमी आली तेव्हा प्राध्यापक-कक्षातले चित्र एका रात्रीत पालटले. ज्यांच्या मते तिथे काही नव्हते, त्यांनाच आता तिथे सर्वकाही आहे असे वाटू लागले. सफारी सुरू व्हायला हवी, निवासाची सोय हवी, त्याच्यासाठी वाघीण आणायला हवी, अशी चर्चा चहाबरोबर रंगू लागली. वाघीण आणण्याच्या प्रस्तावावर वनखात्यातही विचार झाला. पण चहूबाजूंनी शेतीने वेढलेल्या २०५ चौरस किलोमीटरच्या रानाला वाघांचे कुटुंब पेलवेल का, ही शंका वनाधिकाऱ्यांनाच होती. ही शंका आमच्या चर्चेत कुणाला आली नाही. पुढे बातमीचे दिवस ओसरले आणि पुन्हा जुने वाक्य परत आले. म्हणजे वाघ येण्याआधी रान रिकामे, वाघ असताना भरलेले, आणि वाघाची बातमी थांबताच पुन्हा रिकामे! त्या रानातली अस्वले, बिबटे, नीलगायी, त्या उतारांवरचे साग, सालई, धावडा, पळस यांतले काहीच या काळात बदलले नव्हते. बदलत होती ती फक्त आपली नजर.

लोणारला तर ही नजर अधिकच उघडी पडते. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या सहली शेगाव, लोणार, सिंदखेडराजा अशी फेरी करतात. लोणारला विवराच्या काठावर गाडी थांबते, छायाचित्रे निघतात, "केवढा खड्डा आहे!" असा उद्गार निघतो आणि पंधरा मिनिटांत गाडी पुढे जाते. हे अभयारण्य आहे याची दखलही घेतली जात नाही. सुमारे १,८०० मीटर व्यासाचे, उल्कापाताने बेसॉल्ट खडकात कोरलेले हे विवर. त्याच्या तळाचे पाणी खारे आणि क्षारधर्मी आहे. त्यात आहेत ते डोळ्यांना न दिसणारे जीव. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर खळबळ उडाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर यादीत स्थान मिळाले. ज्या अभयारण्याचे सर्वांत महत्त्वाचे रहिवासी कुणालाच दिसू शकत नाहीत, तिथे 'काय दिसले?' हा प्रश्न मुळातच निरर्थक ठरतो. लोणारला जायचे ते हे शिकण्यासाठी, असे मला वाटते.

लोणारच्या उतारावर वाळवंटाशी थेट नाते सांगणारी एक गोष्टही आहे : वेडी बाभूळ. हे झाड मूळचे अमेरिकेतले. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आले. मारवाडातील 'उजाड' जमीन हिरवी व्हावी म्हणून जोधपूर संस्थानाने त्याचे बी पेरले आणि १९४० मध्ये त्याला शाही वृक्षाचा मान देऊन प्रजेला त्याचे रक्षण करायला सांगितले. हेतू चांगलाच होता. पण शेंगा खाणाऱ्या जनावरांच्या पोटातून त्याचे बी दूरवर पसरते आणि ते जिथे रुजते तिथे गवताला, इतर झाडांना डोके वर काढू देत नाही. कच्छमध्ये त्याला 'गांडो बावळ' म्हणतात, आपण 'वेडी बाभूळ' म्हणतो; दोन भाषांतल्या माणसांनी एकाच अनुभवातून एकच विशेषण काढले. याच झाडाने लोणारच्या विवराला विळखा घातला आणि ते काढण्यासाठी वनखात्याला मोहीम हाती घ्यावी लागली. आणि ज्या मारवाडात हा शाही मान दिला गेला, तिथे वाळवंटाचे स्वतःचे झाड आधीपासून होतेच : खेजडी, म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी. याच खेजडीसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. तिथे काही नाही असे त्यांना कधीच वाटले नव्हते. वाटले ते राजवाड्यातून पाहणाऱ्यांना.

भाषेचा अध्यापक म्हणून मला इथे शब्दांचा अपराध दिसतो. 'ओसाड', 'पडीक', 'उजाड', 'भकास' हे आपले शब्द जमिनीचे वर्णन करीत नाहीत. माणसाला तिचा काय उपयोग, याचे वर्णन करतात. महसुली दप्तरात जमीन लागवडीलायक असते किंवा पोटखराब असते. तिच्यावर चिंकारा किंवा लांडगा राहतो याला रकाना नाही. केंद्र सरकारने २००० सालापासून प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी आणि गवताळ जमिनी 'पडीक' म्हणूनच मोजल्या गेल्या. याच्या उलट दिशेने काम करणारी माणसेही आपल्या भाषेत झाली. मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात काढलेल्या या लेखकाने 'पक्षिकोश' सिद्ध केला आणि रानातल्या माणसांच्या तोंडची नावे मराठी वाचकांच्या ओळखीची केली. ज्या पाखराचे नाव आपल्याला माहीत आहे, ते समोर असताना 'काही नाही' म्हणणे कठीण जाते. आम्ही पदव्युत्तर वर्गात निसर्गलेखन शिकवतो, पण प्रश्नपत्रिकेत विचारतो ती त्याची वैशिष्ट्ये. विद्यार्थ्याला सालई आणि धावडा वेगळे ओळखता येतात का, हे आम्ही विचारीत नाही. कारण मग ते आम्हालाही ओळखावे लागतील.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला आक्षेप असा की, लोक जात नाहीत तेच बरे. गेले की प्लास्टिक येते, गाड्या येतात, हॉटेले उभी राहतात. दुसरा आक्षेप याच्या उलट : लोक आले तरच स्थानिकांना रोजगार मिळेल, आणि वाघ हेच लोकांना आणणारे एकमेव आकर्षण आहे, तुमच्या गवताला आणि सूक्ष्मजीवांना कोण विचारतो? या दोन्ही आक्षेपांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे रानाचे भवितव्य बाहेरून येणाऱ्या माणसावर ठरते. पण सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिलाला, निहाल, कोरकू कुटुंबांनी रानासाठी जे सोसले आहे, त्याच्या तुलनेत पर्यटकाचे शुल्क काहीच नाही. मेळघाटच्या परिसरात वन्यजीवांसाठी गावेच्या गावे उठली आहेत. ज्या रानासाठी कुणाचे तरी घर गेले, त्या रानाबद्दल जिल्ह्याच्या ठिकाणी बसून 'तिथे काही नाही' म्हणणे हा त्या माणसांचाही अपमान आहे.

हे मला कुठल्या ग्रंथातून कळले नाही. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी बी.ए.च्या मुलांना घेऊन रीतसर परवानगीने ज्ञानगंगेत गेलो होतो. पानगळ झालेली होती, उन्हाने डोळे दिपत होते. तासाभरातच मुलांची कुजबुज सुरू झाली आणि एकाने मोठ्याने म्हटलेच, "सर, काहीच नाही इथं." मी वाळवंटातल्या त्या सकाळची गोष्ट सांगावी म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. रानालगतच्या एका गावातली, वर्गात कधीही न बोलणारी. तिने पायवाटेच्या कडेचे एक फोडलेले वारूळ दाखवले. मग एका झाडाच्या बुंध्यावरच्या खोल, उभ्या ओरखड्यांवर बोट ठेवले. वर, फांदीच्या बेचक्यात, मधाच्या जुन्या पोळ्याचा काळा डाग होता. "अस्वल," ती म्हणाली. "काही नाही कसं म्हणता? माह्या काकाच्या खांद्यावर पाहा ना. मोहं वेचाले गेलता." मुले गप्प झाली. आणि नंतर पुढच्या दोन तासांत त्या मुलांनी जितके पाहिले तितके मी त्यांना वर्षभरात दाखवू शकलो नसतो. परतताना एक वाट ती टाळायला सांगत होती. तिथे उन्हाळ्यात पाणी राहते आणि संध्याकाळी 'ते' येते, म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि कौतुकही नव्हते. शेजाऱ्याबद्दल बोलावे तशी ती बोलत होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाने आपली शैक्षणिक सहल वर्षातून एकदा तरी जिल्ह्यातल्याच एखाद्या अभयारण्यात न्यावी, आणि ती पावसाळ्यानंतरच्या हिरवाईत नव्हे, तर रान कोरडे असताना. वाट दाखवायला रानालगतच्या गावातला माणूस असावा आणि त्याला त्याचा योग्य मोबदला मिळावा. परतल्यावर विद्यार्थ्यांनी किती प्राणी पाहिले याची यादी मागू नये. दहा झाडांची, दहा पाखरांची त्या गावात चालणारी नावे मागावीत. लोणारच्या काठावर पंधरा मिनिटे थांबणाऱ्या गाडीला निदान सूक्ष्मजीवांबद्दल सांगणारा एक फलक आणि तो वाचण्याइतका वेळ मिळावा. यासाठी कुठल्याही नव्या योजनेची गरज नाही.

या वर्षी दिवाळीनंतर प्राध्यापक-कक्षात तो प्रश्न पुन्हा आला. मी ज्ञानगंगेचे नाव सांगितले. "काय दिसले?" मी फोडलेल्या वारुळांबद्दल बोलू लागलो. दोघे उठून तासाला गेले. एक मात्र बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "पुढच्या वेळी मला सांगाल का?"

मी मार्चचा महिना सांगितला आहे. त्या मुलीचे शिक्षण आता संपले आहे. ती गावातच आहे. वाट दाखवायला येशील का, असे तिला विचारायचे आहे.